मंदीत सभासदांच्या हाताला काम: व्यावसायिक संघटनेने नेमकं काय करावं?

ओळंबा

आमची आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर आणि ड्राफ्ट्समन (इमारतींची ड्रॉइंग काढणारे) यांची एक व्यावसायिक संघटना आहे. या वर्षी मी तिच्या कार्यकारिणीवर आहे. मंदीची झळ बांधकामाला लवकर लागते, आणि बांधकामातही सगळ्यांत आधी कागदावरचं काम थांबतं. पाया भरलेली इमारत मालक कशीबशी पुढे रेटतो, पण जिची ड्रॉइंग अजून चालू आहेत ती एका फोनवर बंद होते. गेले काही महिने तेच चाललं आहे.

हा चर्चेचा धागा काढायला निमित्त झालं एका पत्राचं. वर्गणी थकलेल्या सभासदांना आम्ही नेहमीप्रमाणे स्मरणपत्रं पाठवली. एका ज्येष्ठ सभासदांचं दोन ओळींचं उत्तर आलं: ऑफिस बंद केलं आहे, कृपया यादीतून नाव कमी करावं. या माणसाने कित्येक वर्षं आमच्या नव्या मुलांची ड्रॉइंग रात्री बसून तपासून दिली आहेत, एक पैसा न घेता. त्यांच्यावर वेळ आली तेव्हा संघटनेकडून त्यांना काय गेलं, तर थकबाकीचं पत्र. त्या पत्राचा मसुदा माझा होता. ते उत्तर वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

आज आम्ही सभासदांना काम मिळावं म्हणून एवढंच करतो: वार्तापत्रात 'पाहिजेत' म्हणून एक पान असतं. गेले तीन अंक ते कोरं गेलं. पुढच्या बैठकीत मला ठोस प्रस्ताव मांडायचा आहे. 'मार्गदर्शनपर व्याख्यान' ठेवून मोकळं व्हायचं नाही.

थोडं वाचलं ते सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यूटन गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या २८२ जणांचा अभ्यास केला. सगळे व्यावसायिक, तंत्रज्ञ किंवा व्यवस्थापक. त्यातल्या ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतून कळली होती. पण ही ओळख म्हणजे जिवलग मित्र नव्हेत. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के जण त्या माणसाला वारंवार भेटत होते, बाकीचे कधीमधी किंवा क्वचितच. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडे असते.

मला वाटतं संघटना म्हणजे अशा लांबच्या ओळखींचीच साठवण आहे. वर्षातून एकदा भेटणारी, नावानिशी ओळखणारी, पण घरी न जाणारी माणसं. ती साठवण आम्ही वापरतच नाही. ती कशी वापरायची, हे विचारायला इथे आले आहे. ज्यांनी असं काही चालवलं आहे, किंवा ज्यांच्यावर वेळ आली होती, त्यांनी कृपया लिहा.

आडवाट

ओळंबाताई, मी अशा पत्राच्या दुसऱ्या टोकाला होतो. क्षेत्र वेगळं, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. अकरा महिने काम नव्हतं.

आमच्या व्यावसायिक संघटनेचं वार्षिक संमेलन त्याच काळात होतं. मी गेलो, आणि दारातून परत आलो. दारात छातीवर लावायला एक कार्ड देत होते, त्यावर नावाखाली कंपनीचं नाव लिहायची ओळ होती. मागे रांग, समोर पेन. मी 'गाडी नीट लावून येतो' म्हणालो आणि निघून आलो. आत निदान दहा माणसं अशी होती की ज्यांच्याशी बोलणं झालं असतं तर पुढचे काही महिने वेगळे गेले असते, हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हणून माझी पहिली सूचना फार लहान आहे. त्या कार्डावरची कंपनीची ओळ काढून टाका. 'काय करता येतं' ते लिहू दे. आणि वर्गणीच्या फॉर्मवर एक चौकोन द्या: सध्या काम नाही, या वर्षीची वर्गणी पुढे ढकलावी. कारण विचारू नका, अर्ज मागवू नका, समितीपुढे ठेवू नका. खूण केली की झालं. काम गेलं की माणूस सगळ्यांत आधी संघटनेचीच वर्गणी थांबवतो, आणि जिथून मदत मिळायची तिथूनच बाहेर पडतो.

दुसरी सूचना मोठी आहे, संध्याकाळी लिहितो.

चौकट

वाचते आहे. माझं छोटं ऑफिस आहे, सात माणसं. म्हणजे मी काम देणाऱ्यांच्या बाजूची. धागा महत्त्वाचा आहे, सविस्तर लिहीन.

आकडेमोड

ग्रॅनोव्हेटरचं निरीक्षण जुनं असलं तरी टिकून आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यातही लांबच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. फक्त एक बारकावा आहे: अगदीच विरळ ओळखीपेक्षा मधली, म्हणजे थोडेफार सामाईक परिचित असलेली ओळख सगळ्यांत कामाची. एकाच संघटनेचे सभासद बरोब्बर या मधल्या पट्ट्यात बसतात. तेव्हा तुमचा अंदाज योग्य आहे.

आडवाट

सकाळी म्हटलेली मोठी सूचना.

सातव्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी मला त्यांच्या गटात बोलावलं. आठ-नऊ जण, सगळे काम शोधणारे, क्षेत्रं वेगवेगळी. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वाराला, सकाळी दहाला. नियम तीनच होते. गेल्या वेळेपासून कोणाकोणाला फोन केला ते सांगायचं. पुढच्या वेळेपर्यंत कोणाला करणार ते सांगायचं. आणि दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल असं एक तरी नाव किंवा बातमी घेऊन यायची.

तिसऱ्या नियमाने मला उभं केलं. तोवरच्या महिन्यांत मला कोणी काही मागितलंच नव्हतं, सगळे द्यायला बसलेले: सल्ला, धीर, सहानुभूती. इथे मला दुसऱ्यासाठी काहीतरी आणायचं होतं. एका हिशेबनीस मुलीला मी माझ्या जुन्या कंपनीतल्या जागेबद्दल सांगितलं आणि तिला ती मिळाली. त्या दिवशी किती दिवसांनी घरी जाऊन धड जेवलो.

फोन प्रत्यक्ष तिथेच बसून करायचे, हेही महत्त्वाचं. घरी एकटा असताना एक नंबर लावायला मला अर्धा दिवस लागायचा. शेजारी दुसरा माणूस फोन करत असला की हात आपोआप पुढे जातो.

आकडेमोड

आडवाट, तुम्ही वर्णन केलेल्या पद्धतीला इतिहास आहे. नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये 'जॉब क्लब' नावाने नेमका असाच प्रयोग प्रसिद्ध केला. काम शोधणाऱ्यांचे दोन गट पाडले. एकाला अशा बैठका, एकमेकांची सोबत, फोन करण्याचा सराव, ओळखीच्या सगळ्यांची पद्धतशीर यादी. दुसरा गट आपापला शोधत होता. दोन महिन्यांनी पहिल्या गटातल्या ९० टक्क्यांना काम मिळालेलं होतं, दुसऱ्यातल्या ५५ टक्क्यांना. सुरुवातीचा पगारही पहिल्या गटाचा सरासरीने सुमारे एक तृतीयांश जास्त.

पुढे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात याच धर्तीवर एक कार्यक्रम आखला. त्यात एक गोष्ट मुद्दाम घातली होती: नकाराची आगाऊ तयारी. 'नकार आला तर त्या दिवशी काय करायचं' हे आधीच ठरवून ठेवायचं. काम लवकर मिळण्याबरोबरच त्या लोकांत नैराश्याची लक्षणंही कमी दिसली. फिनलंडने तो नंतर आपल्याकडे नेला.

आता मला जे लिहायचं आहे ते थोडं कडू आहे, पण प्रस्ताव मांडण्याआधी तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेरोजगार तरुणांना काम शोधायला मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला, २३५ विभागांत. त्यावरचा निबंध २०१३ मध्ये आला. लेखकांत पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डफ्लो आहेत. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या लवकर लागल्या हे खरं. पण त्यातला काही भाग त्याच विभागातल्या, मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्यातून आला होता. जिथे मुळात नोकऱ्या कमी होत्या तिथे हे जास्त घडलं. आणि वर्षभराने फरक जवळपास पुसला गेला.

म्हणजे जागा दहा आणि माणसं शंभर असतील तेव्हा रांगेतली माणसं पुढेमागे केल्याने जागा अकरा होत नाहीत. संघटनेने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

ओळंबा

आकडेमोड, हे वाचून दुपारभर विचारात पडले. आमच्याकडे तर जागा दहाही नाहीत. मग अकरावी जागा संघटना तयार करू शकते का?

जुनीवही

करू शकते. आमच्याच व्यवसायातलं उदाहरण देतो, कारण ते मला फार जवळचं आहे.

१९३३ साल. अमेरिकेत महामंदी, दर चौथा माणूस बेकार. आर्किटेक्टांची अवस्था त्याहून वाईट, कारण कोणी काही बांधतच नव्हतं. नॅशनल पार्क सर्व्हिसमध्ये (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं सरकारी खातं) चार्ल्स पीटरसन नावाचा एक तरुण आर्किटेक्ट होता. नोव्हेंबरमध्ये त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. म्हणणं असं, की देशभरातल्या जुन्या इमारती पडत चालल्या आहेत, त्यांची मोजमापं कोणीही घेतलेली नाहीत. आणि मोजमापं घेऊन उत्तम ड्रॉइंग करू शकतील अशी हजारभर माणसं घरी बसून आहेत. काही आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली आणि जानेवारी १९३४ मध्ये माणसं टेप घेऊन इमारतींवर चढली.

पुढचा भाग संघटनेचा. ही योजना तात्पुरत्या मदतनिधीवर चालली होती, निधी संपला की ती संपली असती. १९३४ मध्येच पार्क सर्व्हिस, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स यांच्यात करार झाला. एकाने काम चालवायचं, एकाने ड्रॉइंग जपायची आणि व्यावसायिक संघटनेने जाणकारीचा सल्ला द्यायचा. जुन्या इमारतींच्या मोजमापांचा तो सर्व्हे आजही चालू आहे. ती ड्रॉइंग कोणालाही बघता येतात. शिवणयंत्रातून निघाल्यासारख्या सुबक रेषा आहेत, आणि काढणाऱ्यांपैकी अनेकांना त्या आठवड्यांत दुसरं कुठलंही काम नव्हतं.

यातून घ्यायचं काय, ते मला असं दिसतं. संघटनेला पैसा उभा करता येत नाही, पण 'हे काम पडून आहे आणि ते करणारी माणसं ही' अशी जोडी तिलाच दिसते. बाहेरच्याला दोन्ही गोष्टी एकत्र दिसत नाहीत. ताई, तुमच्या सभासदांना विचारा: असं कोणतं काम आहे जे तेजीत करायला कोणाला वेळ नसतो? जुन्या इमारतींची तपासणी, दुरुस्तीचे आराखडे, अपंगांना वापरता येतील असे बदल, ऊर्जा वाचवण्यासाठीचं मोजमाप. नव्या बांधकामाला पैसा नसतो तेव्हाच दुरुस्तीला मागणी असते.

(अवांतर: वयाची पासष्टी उलटली आहे, तीन मंद्या पाहिल्या. प्रत्येक वेळी सगळ्यांत आधी ड्राफ्ट्समनला काढतात आणि तेजी आली की तक्रार करतात, चांगला ड्राफ्ट्समन मिळत नाही. तो तोवर दुसऱ्या धंद्यात गेलेला असतो. संघटनेने त्याला या व्यवसायात धरून ठेवलं तरी खूप झालं.)

पहिलीपायरी

जुनीवहीकाका, शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं. मी याच वर्षी पास झाले. मला जो अनुभव आहे तो सांगते. आतापर्यंत चार ठिकाणी मुलाखत झाली, त्यातल्या तीन ठिकाणी 'सहा महिने बिनपगारी या, मग बघू' असं सांगितलं. एक जण तर म्हणाले की मंदीत शिकायला मिळतंय हेच नशीब. हे तिघेही कोणत्या ना कोणत्या व्यावसायिक संघटनेचे सभासद आहेत.

संघटना नवीन मुलांसाठी काही करते तेव्हा 'इंटर्नशिप मिळवून देऊ' एवढंच करते. कृपया तुमच्या प्रस्तावात बिनपगारी हा शब्द येऊ देऊ नका.

चौकट

पहिलीपायरी, तुमच्याशी पूर्ण सहमत. ज्या ऑफिसला पगार द्यायला परवडत नाही त्याने माणूस घेऊ नये. बिनपगारी माणसाने केलेलं काम क्लायंटला मात्र फुकट दिलं जात नाही, हे मी ऑफिस चालवते म्हणून ठामपणे सांगू शकते. संघटनेच्या पानावर जाहिरात द्यायची असेल तर पगार लिहायलाच हवा, असा नियम करा. लपवणाऱ्याची जाहिरात घेऊ नका. पान कोरं गेलं तरी चालेल.

आता काम देणारीच्या बाजूने. गेल्या वर्षी मी एका ड्राफ्ट्समनसाठी जाहिरात दिली. तीनशेवर अर्ज आले. मी प्रामाणिकपणे सांगते, पहिले चाळीस वाचले. उरलेल्यांत उत्तम माणसं असणार, मला ठाऊक आहे. पण दिवसभराचं काम करून रात्री तीनशे अर्ज कोण वाचणार? आणि त्यातले निम्मे असे की त्यांना माझं ऑफिस काय करतं हेही माहीत नव्हतं, मिळेल तिथे अर्ज टाकत सुटलेले. मी त्यांना दोष देत नाही. पण कोणाला खरंच माझ्याकडे यायचं आहे ते मला कळायला मार्ग नव्हता.

शेवटी मी कोणाला घेतलं? संघटनेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी फोन करून सांगितलं, 'या मुलाची साइटवरची मापं कधी चुकत नाहीत.' एक वाक्य. त्या मुलाचा अर्ज त्या तीनशेत होताच, दोनशेच्या पुढे कुठेतरी.

आकडेमोड

चौकट, तुम्ही सांगितलेली अडचण एका व्यावसायिक संघटनेने फार सुंदर सोडवली आहे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन, म्हणजे अर्थतज्ञांची संघटना. नव्या पीएचडी झालेल्यांनी शंभर-शंभर ठिकाणी अर्ज करायचे आणि विद्यापीठांना कळायचं नाही की खरा इच्छुक कोण. २००६ पासून संघटनेने एक सोय केली: प्रत्येक उमेदवाराने फक्त दोन ठिकाणी, संघटनेमार्फत, 'मला तुमच्याकडे विशेष रस आहे' असा संदेश पाठवायचा. दोनच. संख्या मर्यादित असल्यामुळे त्या संदेशाला किंमत आली. ही कल्पना राबवणाऱ्या समितीत एल्विन रॉथ होते, ज्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं.

तुमच्या संघटनेला हे विनाखर्च करता येईल. सभासदाने महिन्याला दोन ऑफिसं निवडायची, सचिवाने त्या दोघांना कळवायचं.

पहिलीपायरी, तुमच्यासाठीही एक अभ्यास आहे, घाबरवायला नाही. कॅनडातल्या पदवीधरांवरच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की मंदीत बाहेर पडलेल्यांची मिळकत सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी राहते आणि ती तूट भरून यायला दहाएक वर्षं लागतात. पण ती भरून येते कशी? पहिल्या साध्या जागेवरून हळूहळू चांगल्या ठिकाणी सरकत गेल्याने. म्हणजे पहिली नोकरी मनासारखी नसली तरी तिथे अडकून पडायचं नाही. संघटनेने नव्या मुलांकडे नोकरी लागल्यावर पाठ फिरवू नये, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्यांना ओळखींची जास्त गरज असते.

पहिलीपायरी

धन्यवाद. हे कोणी सांगितलं नव्हतं.

करवत

एक विचारतो. सगळ्या सभासदांनी मिळून ठराव का करू नये, की मंदी असली तरी अमुक एवढ्या फीच्या खाली कोणी काम घेणार नाही? आज एकमेकांची फी पाडूनच आपण मरतो आहोत. ज्याला काम मिळतं त्यालाही त्यात पोट भरत नाही.

कलम

करवत, तळमळ समजते, पण हा रस्ता जपून. बऱ्याच देशांत स्पर्धाविषयक कायद्याखाली असा ठराव बेकायदा ठरतो. अमेरिकेत इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांना फीवर स्पर्धा करायला मनाई केली होती. स्वस्त कामामुळे सुरक्षितता धोक्यात येते असं तिचं म्हणणं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साफ फेटाळलं. आर्किटेक्टांच्या संघटनेलाही १९७२ आणि १९९० मध्ये सरकारशी याच विषयावर तडजोड करावी लागली होती. संघटना एका कामाला साधारण किती तास आणि किती टप्पे लागतात हे सभासदांना शिकवू शकते. सभासद मग आपला आकडा स्वतः काढतील. तुमच्या देशातल्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यापुढे जाऊ नका.

ओळंबा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, काम मिळवून दिल्याबद्दल सभासदाकडून पैसे घेऊ नका, 'नोंदणी शुल्क' म्हणूनसुद्धा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या खाजगी रोजगार संस्थांविषयीच्या १८१ क्रमांकाच्या करारात तत्त्वच असं आहे, की काम शोधणाऱ्यावर शुल्क किंवा खर्च टाकायचा नाही, अपवाद मोजके. दोन, बेकार सभासदांची यादी तयार होईल ती कोणाच्या हातात राहील ते आधी ठरवा. ती यादी कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरता कामा नये. ज्याचं ऑफिस अजून चालू आहे पण डळमळीत आहे, त्याचं नाव त्या यादीत दिसलं तर उरलेले क्लायंटही जातील.

ओळंबा

कलम, दुसरा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी खरोखर तसाच गट करणार होते.

जुनीवही

स्वीडनमध्ये पांढरपेशा कर्मचाऱ्यांसाठी १९७४ पासून एक व्यवस्था आहे, तिचा उल्लेख राहून गेला. मालकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांनी आपसांत करार करून एक परिषद स्थापली. पैसे मालक देतात. कोणाला कमी करायचं ठरलं की नोटीस मिळाल्याबरोबर परिषदेचा सल्लागार त्याच्याशी बोलायला लागतो, शेवटच्या दिवसाची वाट बघत नाही. तेवढी यंत्रणा आपल्याला जमणार नाही. पण 'आधी' हा शब्द तरी घेता येईल. चौकटसारख्या ऑफिस चालवणाऱ्यांनी माणूस कमी करायच्या आधी संघटनेला एक फोन करायचा, एवढा संकेत पाडता आला तर?

चौकट

हो. आणि त्याच फोनवर उलटंही विचारता येईल. माझ्याकडे सध्या सात माणसांना पुरेल एवढं काम नाही, पाच जणांना पुरेल एवढं आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून आठवड्याचे दिवस कमी केले, कोणाला काढलं नाही. जर्मनीने २००९ मध्ये हे देशभर केलं, १४ लाखांवर माणसं कमी तासांवर होती, पण तिथे कापलेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी विम्यातून भरून निघत होता. आमच्याकडे तसं काही नाही. माझ्या माणसांनी खरोखर झळ सोसली आहे. पण टीम शाबूत आहे. दुसऱ्या ऑफिसला दोन दिवसांपुरता ड्राफ्ट्समन हवा असेल तर माझा मोकळा आहे. हे संघटनेत कोणाला सांगायचं याची आज जागाच नाही. अख्खी नोकरी कोणाकडे नसेल, पण दोन दिवसांचं काम बऱ्याच जणांकडे असतं, आणि ते कोणी जाहिरातीत देत नाही.

आडवाट

चौकटताई, हे दोन दिवसांचं काम फार मोलाचं आहे. माझी नोकरी अशाच चार दिवसांच्या कामातून लागली. शिवाय बायोडेटात पडलेल्या खंडाला ते ठिगळ लागतं.

आकडेमोड

खंडाबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट. अमेरिकेत संशोधकांनी साधारण ३,००० जाहिरातींना १२,००० बनावट बायोडेटा पाठवून पाहिले, निबंध २०१३ चा. बेकारीचा काळ वाढला तसं मुलाखतीचं बोलावणं कमी झालं, विशेषतः पहिल्या आठ महिन्यांत घसरण मोठी. पण जिथे बेकारी जास्त होती तिथे हा फरक बराच सौम्य होता. सगळ्यांचंच काम गेलेलं असताना मालक खंडाचा दोष त्या एका माणसाला देत नाही. तेव्हा मंदीतला खंड लपवायची गरज नाही. सरळ लिहावं.

ओळंबा

बैठक काल झाली. साडेतीन तास चालली.

मंजूर झालं ते असं. वर्गणी पुढे ढकलण्याचा चौकोन, कारण न विचारता. जाहिरातीत पगार बंधनकारक, बिनपगारी जाहिरात घ्यायची नाही. यावर बरीच खडाजंगी झाली आणि दोन मतांनी पास झालं. थोड्या दिवसांच्या कामांची नोंद ठेवायला दोन सभासदांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत, यादी त्या दोघांकडेच राहील. आठवड्यातून दोनदा संघटनेच्या खोलीत सकाळी दहाला गट बसेल. आडवाटांचे तीन नियम भिंतीवर लावले आहेत, त्यांची परवानगी गृहीत धरली.

नामंजूर झालं: दोन ऑफिसांना संदेश पाठवायची कल्पना. 'वशिल्यासारखं दिसेल' असं म्हणाले. मला पटलेलं नाही, पुढच्या तिमाहीत पुन्हा मांडीन. ऑफिसने माणूस कमी करायच्या आधी फोन करण्याचा संकेतही तूर्त बाजूला ठेवला.

जुन्या इमारतींच्या तपासणीचं काम बघायला तिघांची समिती नेमली. त्यात मी एक नाव सुचवलं. ज्यांनी आम्हाला ते दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, त्यांचं. दुरुस्तीतलं त्यांच्याएवढं आमच्यात कोणालाच कळत नाही. फोन न करता त्यांच्या घरी गेले, आधी त्या पत्राबद्दल माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक जुनी फाइल घेऊन आले: गळक्या स्लॅबांची त्यांनी स्वतः काढलेली स्केचेस, वीस वर्षांची. 'हिच्यापासून सुरुवात करा,' म्हणाले. समितीत येईन की नाही ते अजून सांगितलेलं नाही. फाइल माझ्याकडे आहे.

आडवाट

परवानगी आहे. भिंतीवर चौथा नियम लिहा: काम लागलं तरी पुढचा एक महिना गटात यायचं. आमच्याकडे नोकरी लागलेले लगेच नाहीसे व्हायचे, आणि मागे राहिलेल्यांना ते फार लागायचं.

ओळंबा

लिहिला.

कोरापाट

इथे बरीच वर्षं फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मी ड्राफ्ट्समन आहे. आठ महिने काम नाही. कुठल्याच संघटनेचा सभासद नाही, आमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समनला कोणी सभासद व्हायला सांगितलं नव्हतं. तुमच्या गटात सभासद नसलेल्याला बसता येतं का?

ओळंबा

येतं. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, पत्ता त्यात आहे. सकाळी दहाला.

चौकट

कोरापाट, मलाही एक व्यनि करा. साइटवरची मापं घेता का?